अथेन्सचं चांदीचं घुबड: सहा महिन्यांनंतरचा रिव्ह्यू

480 पौंड. पहिला प्रश्न सगळे हाच विचारतात म्हणून आधीच सांगून टाकते. एवढ्या पैशात मला मिळालं 16.94 ग्रॅमचं, चांगलं दोन हजार चारशे वर्षांच्या वरचं चांदीचं नाणं, अथेन्सचं टेट्राड्राख्म म्हणजे चार ड्राख्मांचं, एका बाजूला अथीना देवीचा चेहरा आणि दुसऱ्या बाजूला घुबड. जमवणारे सगळे त्याला नुसतं घुबडच म्हणतात, आणि तेव्हाचे ग्रीक लोकपण घुबडच म्हणायचे. सोबत एक पिवळं पडलेलं हाताने लिहिलेलं तिकीट आणि 1964 सालचं एक बिल. आता सहा महिने झाले रोज बघतेय, आणि माझं मत असं आहे की नाणं छान, विकणारा माणूस फारच छान, आणि त्या 480 मधले शंभरेक पौंड जे त्या कागदांपायी जास्त गेले ते सगळ्यात चांगले खर्च झाले. का ते खाली येईलच.

आधी नाणं कसं आहे ते. फोटोत बघून कल्पना येत नाही हे नक्की. व्यास जेमतेम अडीच सेंटिमीटर, म्हणजे आपल्या दहा रुपयाच्या नाण्यापेक्षा लहानच, पण जाड एवढं की हातात घेतल्यावर एखादी चांदीची सुपारी घेतल्यासारखं वाटतं. कडा सरळ नाहीत, एका जागी थोडी चीर गेलीय कारण चांदीचा गोळा तापवून दोन ठशांमध्ये ठेवून वरून हातोडा मारायचे, त्या दणक्यात कड फाटते. खालचा ठसा ऐरणीत बसवलेला, त्यात अथीना, वरचा हातात धरायचा तो घुबडाचा, चौकोनी, म्हणून मागच्या बाजूला घुबड एका खोल चौकोनात बसलेलं दिसतं. घुबडामागे ऑलिव्हची डहाळी आणि बारीकशी चंद्रकोर, पुढे तीन ग्रीक अक्षरं, अल्फा थीटा एप्सिलॉन, म्हणजे 'अथेन्सवाल्यांचं'. घुबडाचं अंग बाजूने पण तोंड थेट आपल्याकडे, दोन मोठे डोळे रोखून बघतंय असं. देवीच्या शिरस्त्राणावर ऑलिव्हची तीन पानं आणि मागे वेलबुट्टी. तिचा चेहरा बाजूने दाखवलाय पण डोळा मात्र समोरून बघितल्यासारखा, बदामाच्या आकाराचा. त्या काळात अथेन्सचे शिल्पकार याच्या कितीतरी पुढे गेले होते, पार्थेनॉन हे अथीनेचं मोठं देऊळ उभं राहत होतं, तरी नाण्यावर हा जुना डोळा तसाच ठेवला, कारण दूरदूरच्या बाजारात लोक हा चेहरा ओळखायचे आणि ओळखीचं नाणं लगेच चालतं. मला हे फार आवडतं, आपल्याकडे शिवराईचं कसं, महाराज गेल्यानंतरही कितीतरी वर्षं त्याच धाटणीची नाणी पाडत राहिले, तसंच काहीसं.

माझ्या नाण्यात देवीच्या शिरस्त्राणावरचा तुरा अर्धाच आलाय, बाकीचा नाण्याच्या बाहेर गेला. हे बहुतेक घुबडांचं असं असतं कारण ठसा मोठा आणि गोळा छोटा. पूर्ण तुरा आलेलं हवं असेल तर किंमत एकदम दुप्पट तिप्पट होते. मी नाक, डोळा आणि घुबडाचा चेहरा नीट आलाय ना एवढंच बघितलं, तुमचा चॉइस वेगळा असू शकतो.

आणि हो, माझ्या नाण्यावर घाव आहे. घुबडाच्या पाठीवर छिन्नीने मारलेला, चांगला दोन मिलिमीटर खोल. याला टेस्ट कट म्हणतात. त्यामुळेच ते मला परवडलं, बिनघावाचं असतं तर सातशे आठशेच्या खाली मिळालं नसतं. पण मला विचाराल तर हा घाव म्हणजे दोष नाहीच. कुणीतरी सराफाने, इजिप्तमध्ये किंवा सिरियाकडे किंवा कुठेही, हे परक्या देशाचं नाणं हातात घेतलं आणि आत तांब्याचा गाभा तर नाही ना म्हणून छिन्नी मारून बघितली. आतही चांदीच निघाली आणि नाणं पुढे चालत राहिलं. आपल्याकडच्या जुन्या रुपयांवर सराफांच्या बारीक बारीक खुणा असतात ना, अगदी तेच काम. खुद्द अथेन्समध्ये तर यासाठी पगारी पारखी बसवलेला असायचा. इ.स.पू. 375 च्या सुमाराचा एक कायदा दगडावर कोरलेला 1970 मध्ये अथेन्सच्या जुन्या बाजारपेठेच्या उत्खननात सापडला, त्यात लिहिलंय की पारख्याने बाजारात बसायचं, खरं नाणं असेल तर ते घ्यायलाच पाहिजे, नाकारायचं नाही, आणि आत पितळ-तांबं किंवा शिसं निघालं तर तिथल्या तिथे कापून टाकायचं. नाण्याची पारख हा विषय एवढा जुना आहे. त्यामुळे घाववालं नाणं स्वस्तात मिळत असेल तर बिनधास्त घ्या, फक्त घाव चेहऱ्यावरून गेलेला नसावा.

आता एवढं जुनं नाणं एवढ्या कमी पैशात कसं काय, हा प्रश्न मला पण पडला होता. उत्तर सोपं आहे, पाडलीच अफाट. घुबडांचा हा जो नेहमी मिळणारा प्रकार आहे तो साधारण इ.स.पू. 454 ते 404 मधला. 454 मध्ये अथेन्सने मित्रराज्यांचा एकत्र खजिना डेलॉस बेटावरून उचलून आपल्या गावात आणला, आणि अथेन्सजवळच्या लॉरिऑनच्या खाणीतली स्वतःची चांदी होतीच. स्पार्टा या दुसऱ्या ग्रीक राज्याशी युद्ध सुरू झालं तेव्हा अक्रॉपोलिसवर, म्हणजे अथेन्सच्या गडाच्या टेकडीवर, सहा हजार टॅलेंट नाण्यांच्या रूपात शिल्लक होते असं तेव्हाचा इतिहासकार थुसिडिडीस सांगतो. एका टॅलेंटला सहा हजार ड्राख्मा, म्हणजे पंधराशे घुबडं, हिशोब केला तर 90 लाख घुबडांएवढी चांदी एका टेकडीवर! म्हणून कुणी तुम्हाला 'अत्यंत दुर्मिळ' म्हणून घुबड विकायला लागला तर तिथून निघा. हे नाणं देखणं आहे, इतिहासातलं महत्त्वाचं आहे, पण दुर्मिळ नाही.

त्या एका नाण्यात तेव्हा काय यायचं ते मी काढून बघितलं. बांधकामावरच्या कारागिराला किंवा जहाजावर वल्हं मारणाऱ्याला दिवसाला साधारण एक ड्राख्मा, म्हणजे हे माझं नाणं चार दिवसांची मजुरी. न्यायालयात पंच म्हणून बसलं की तीन ओबोल, सहा ओबोलांचा एक ड्राख्मा, म्हणजे आठ दिवस बसल्यावर एक घुबड. आणि तिसरा हिशोब मला जास्त लागला. निकियास नावाचा अथेन्सचा बडा सेनापती, त्याने आपले हजार गुलाम लॉरिऑनच्या खाणीत भाड्याने दिले होते, डोकी दिवसाला एक ओबोल. म्हणजे चोवीस माणसांचं एका दिवसाचं भाडं हे नाणं, आणि ते भाडं त्या माणसांना नाही, मालकाला. खाणीतले बोगदे इतके अरुंद की बऱ्याच ठिकाणी सरपटतच जावं लागायचं. युद्धात स्पार्टाने अथेन्सजवळ डेकेलियाला ठाण मांडलं, इ.स.पू. 413 मध्ये, तेव्हा वीस हजारांवर गुलाम पळून गेले असं लिहून ठेवलंय. हे वाचल्यापासून मी नाणं दाखवताना लोकांना लोकशाही, पार्थेनॉन हे सगळं सांगते तसं हेही सांगतेच. चांदी कुणी काढली ते सांगायला नको का.

बरं, आता खरेदीचा अनुभव, म्हणजे मुख्य रिव्ह्यू. हे माझं पहिलं घुबड नाही. पहिलं मी दोन वर्षांपूर्वी घरबसल्या ऑनलाइन घेतलं होतं, 95 पौंडाला, एका मोठ्या वेबसाइटवरच्या विक्रेत्याकडून, फोटो सुंदर, रेटिंग चांगलं, 'आजोबांच्या कलेक्शनमधलं' असं लिहिलेलं. आलं आणि हातात घेतल्याबरोबर काहीतरी चुकतंय असं वाटलं, पण काय ते कळेना. दागिन्यांचा छोटा वजनकाटा मागवला, त्यावर 15.10 ग्रॅम भरलं. खरं चांगल्या स्थितीतलं घुबड 17.2 ग्रॅमच्या आसपास असायला पाहिजे, घासून झिजून थोडं कमी होतं पण दोन ग्रॅम नाही. मग पाण्याची टेस्ट केली. काट्यावर पाण्याचा ग्लास ठेवायचा, काटा शून्यावर आणायचा, नाणं दोऱ्याने बांधून पाण्यात सोडायचं, तळाला टेकू द्यायचं नाही, आणि जो आकडा येईल त्याने नाण्याच्या वजनाला भागायचं. चांदीचं उत्तर साडेदहाच्या जवळ येतं. त्या नाण्याचं आलं 8.88, म्हणजे तांब्या-पितळेचंच काहीतरी, वर चांदीचं पाणी. कडेवर भिंगाने बघितलं तर गोल फिरणारी एक बारीक रेष, साच्यात ओतलेल्या वस्तूला जोडावर येते तशी. पैसे परत मिळाले पण तीन आठवडे मेलामेली करून, आणि विक्रेत्याने शेवटपर्यंत नाणं खोटं आहे हे कबूल केलं नाही.

आत्ताचं नाणं त्याच काट्यावर 10.39 आलं. पण लगेच सांगते की ही टेस्ट पास झाली म्हणजे नाणं खरं असं अजिबात नाही. चांगले नकली करणारे अस्सल चांदीच वापरतात आणि ठसे कोरून हातोड्याने पाडतात सुद्धा. दोनशे वर्षांपूर्वी जर्मनीत बेकर नावाचा माणूस होता, तो एवढे सुंदर ठसे कोरायचा की भल्याभल्यांना फसवलं, आणि नवी कोरी नाणी जुनी दिसावीत म्हणून लोखंडाच्या किसाच्या डबीत घालून ती डबी घोडागाडीला बांधून फिरवून आणायचा अशी त्याची गोष्ट सांगतात. आज तर कॉम्प्युटर आहे. त्यामुळे टेस्टमध्ये नापास झालं तर नक्की खोटं, पास झालं तर पुढची चौकशी सुरू, एवढंच. ऑनलाइन जुन्या लिलावांचे फोटो शोधून तुमचंच नाणं, तीच कड, तीच चीर, तोच ओरखडा दुसऱ्या कुठल्या नाण्यावर दिसतोय का ते बघा. एका ठशाची दोन नाणी असू शकतात, ते उलट चांगलंच, पण हाताने पाडलेल्या दोन नाण्यांची कड आणि ओरखडे सारखे असूच शकत नाहीत, सारखे दिसले तर एकावरून दुसरं ओतलंय.

त्या अनुभवानंतर मी ठरवलं की माणसाचं तोंड बघूनच घ्यायचं. लंडनमध्ये ब्लूम्सबरी भागात एका हॉटेलच्या हॉलमध्ये नाणीवाल्यांचा बाजार भरतो, ब्रिटिश म्युझियमपासून चालत जाण्यासारखं. आत गेलं की लांब टेबलं, हिरवे टेबल लॅम्प, प्रत्येकाच्या पुढे ट्रे, आणि सगळीकडे खाली माना घालून भिंगातून बघणारी माणसं. मला एकदम पुण्याचा जुना बाजार आठवला, बुधवार-रविवारचा, तिथे मी मामाबरोबर शिवराया शोधत बसायचे, फक्त इथे धूळ नाही आणि कुणी ओरडत नाही. बाई म्हणून, भारतीय म्हणून कुणी वेगळं वागवलं असं झालं नाही. एकदोघांनी मात्र 'हे घ्या, गुंतवणूक म्हणून बेस्ट' असं सुरू केलं, तिथून मी पुढे सरकले.

ज्यांच्याकडून घेतलं ते सत्तरीचे गृहस्थ, छोटं टेबल, सगळी मिळून चाळीसेक नाणी. मी घुबड मागितलं तर तीन काढून ठेवली. पहिलं लखलखीत, पूर्ण तुरा, 1,150 पौंड. दुसरं मधलं. तिसरं हे घाववालं. मी साहजिकच पहिलं उचललं आणि विचारलं की हे आलं कुठून, तर म्हणाले, 'गेल्या वर्षी दुसऱ्या डीलरकडून घेतलं, त्याच्या आधीचं माझ्याकडे काही लिखित नाही.' आणि मग स्वतःहून तिसरं पुढे केलं, म्हणाले, 'तुम्ही हा प्रश्न विचारणाऱ्या असाल तर तुम्हाला हे आवडेल.' त्या नाण्याखाली ते तिकीट होतं, जुन्या मालकाने शाईच्या पेनाने लिहिलेलं, वजन, किंमत, तारीख, आणि 1964 चं दुकानाचं बिल, बिलावरचं वजन आणि नाण्याचं वजन बरोबर जुळत होतं. त्यांनी भिंग दिलं, स्वतःच्या खुर्चीवर बसायला दिलं, वीस मिनिटं एक शब्द बोलले नाहीत. सौदा करायचा प्रयत्न केला, 520 चे 480 केले. बिलावर नाण्याचा फोटो, वजन, वर्णन आणि हाताने एक ओळ, खोटं सिद्ध झालं तर केव्हाही पूर्ण पैसे परत. केव्हाही, चौदा दिवस नाही. मी अजून काय मागू? सर्व्हिसला पाचपैकी पाच. फक्त कार्ड चालत नाही, रोख किंवा बँक ट्रान्सफर, तेवढं लक्षात ठेवून जा.

लिलावातून का नाही घेतलं? बघितलं होतं करून. ऑनलाइन लिलावात आकडा छोटा दिसतो, पण 400 ला हातोडा पडला की त्यावर वीस टक्के लिलाववाल्यांचं प्रीमियम, त्या प्रीमियमवर परत व्हॅट, म्हणजे झाले 496, नाणं बाहेरच्या देशातून येत असेल तर पाच टक्के इम्पोर्ट व्हॅट, वर कुरिअर. आणि हातात घेऊन बघायला मिळालं नाही ते वेगळंच. चांगलं जुनं कलेक्शन लिलावात येतं हे खरं, कॅटलॉगमध्ये मागचे मालक छापलेले असतात, ते सोनं आहे. पण पहिलं नाणं घेणाऱ्याने टेबलावरून घ्यावं असं मला वाटतं. प्लॅस्टिकच्या डबीत सील केलेली ग्रेडवाली पण मिळतात, त्यावर स्ट्राइकला, म्हणजे ठसा किती नीट उठलाय त्याला, पाचपैकी किती आणि पृष्ठभागाला पाचपैकी किती असे मार्क लिहिलेले. ज्यांना नजर तयार व्हायच्या आधीच घ्यायचंय त्यांना तो आधार आहे. मला ते नको होतं, मला नाणं हातात धरायचं होतं, त्या छिन्नीच्या खाचेत नख घालून बघायचं होतं, डबीतून ते कसं होणार.

आता कागदांचं. मी नाशिकची. आमच्याकडे सिन्नर तालुक्यात जोगलटेंभी म्हणून गाव आहे, गोदावरी-दारणेच्या संगमावर, तिथे 1906 मध्ये चांदीच्या नाण्यांचा साठा सापडला, तेरा हजारांहून जास्त, क्षत्रप नहपानाची नाणी, आणि त्यातल्या नऊ हजारांवर गौतमीपुत्र सातकर्णीने आपली छाप परत मारलेली. शत्रूला हरवलं आणि त्याच्याच नाण्यावर आपला शिक्का उठवला. हे आम्हाला कळतं कशावरून, तर तो साठा एकत्र राहिला, कुणीतरी बसून एकेक मोजला, किती नाण्यांवर छाप आहे किती नाही ते नोंदवलं. शाळेत असताना अंजनेरीच्या नाणी संग्रहालयात आम्हाला नेलं होतं तेव्हा सरांनी हे सांगितलेलं मी विसरलेले नाही. आणि नहपानाच्या त्या नाण्यांवर काठाने ग्रीक अक्षरं असतात, नाशिकात सापडलेल्या नाण्यावर ग्रीक! आपण 'दाम' म्हणतो, 'काम तसा दाम', तो दाम जुन्या 'द्रम्म' वरून आला आणि द्रम्म आला ग्रीक ड्राख्म्यावरून. भडोच बंदरात ग्रीक राजांची, अपोलोडोटस आणि मिनँडरची जुनी नाणी अजून चालतात असं पहिल्या शतकातल्या ग्रीक व्यापाऱ्याने लिहून ठेवलंय. म्हणजे माझं हे घुबड काही अगदीच परक्याच्या घरचं नाही.

तर त्या ब्लूम्सबरीच्या बाजारातच, दुसऱ्या एका टेबलावर, मला तेच नाणं दिसलं. नहपान, वर सातकर्णीची छाप, चैत्य आणि खाली नागमोडी रेघ. 55 पौंड. मी विचारलं कुठून आलं, तो म्हणाला, 'इंडिया.' बास. कधी आलं, कुठल्या गावातून, कुणी आणलं, बरोबर अजून किती होती, काही नाही. भारतातून शंभर वर्षांपेक्षा जुनं नाणं असं कुणालाही बाहेर नेता येत नाही, 1972 चा कायदा आहे. ते त्याच्या आधी बाहेर आलं असेलही, पण सांगणारा कागदच नाही. मी ते हातात धरून बराच वेळ उभी राहिले आणि परत ठेवलं. माझ्या गावचं नाणं माझ्यासमोर आणि ते कुठल्या शेतातून निघालं हे जगात कुणालाच सांगता येणार नाही. मग मला त्या पहिल्या लखलखीत घुबडाचं कळलं. गेल्या काही वर्षांत घुबडं बाजारात खूप आली, एकदम, सगळी एकाच प्रकारच्या रंगाची, ताजी ताजी. ती कुठूनतरी खणूनच निघाली असणार, आणि तिथल्या गावातल्या पोरीलाही त्यांचं असंच वाटत असेल. 1984 मध्ये तुर्कस्तानात एल्माली गावाजवळ एकोणीसशेच्या आसपास नाणी निघाली, त्यात अथेन्सची अतिशय दुर्मिळ दहा ड्राख्मांची नाणी होती डझनभराहून जास्त, चोरून अमेरिकेत गेली, आणि परत यायला 1999 उजाडलं. ती निदान परत तरी आली. बाकीच्यांची तर गणतीच नाही.

म्हणून माझी अट 1970 ची आहे. चोरट्या पुरातन वस्तूंविरुद्धचा युनेस्कोचा करार त्या वर्षीचा, त्याच्या आधीपासून नाणं कुणाच्यातरी संग्रहात होतं असं दाखवणारा एक तरी कागद, तिकीट, बिल, जुन्या कॅटलॉगचं पान, काहीही. असं मागितलं की दहातली आठ-नऊ नाणी बाद होतात, वेळ लागतो, किंमत वाढते, मान्य आहे. मी सहा बाजार फिरले तेव्हा हे मिळालं. पण कागदवालं नाणं खोटं असण्याची शक्यता पण कमी होते, आणि उद्या विकायचं झालं तर घेणारा हेच विचारणार आहे, ग्रीससारखे देश आणि अमेरिकेचे कस्टमवाले पण हेच विचारतात. ते तिकीट मी नाण्याइतकंच जपते, त्याला वेगळं आम्लविरहित पाकीट केलंय.

जपण्याचं अजून थोडं. घरी आणल्यावर पितांबरी, चिंच, टूथपावडर, काही म्हणजे काही लावायचं नाही! आपला हात चांदी बघितली की तिकडेच वळतो. त्याचा तो करडा-काळसर रंग शेकडो वर्षांनी आलाय, घासला की निम्मी किंमत गेली आणि परत येत नाही. मऊ प्लॅस्टिकच्या पाकिटात ठेवू नका, त्याच्यातून हिरवट चिकट थर सुटतो, मायलारचं कडक पाकीट घ्या. आणि खाली पाडू नका, एवढी जुनी चांदी आतून ठिसूळ झालेली असू शकते, चक्क तुकडे होतात. टणकन वाजवून बघायची आपली सवय पण इथे नाही चालत.

भारतात नेलं नाही. आईला दाखवायची फार इच्छा होती, पण आपल्या कायद्यात बाहेरचं असलं तरी शंभर वर्षांवरचं नाणं ते पुरातनच, परत येताना विमानतळावर कुणाकुणाला काय काय समजावत बसायचं, म्हणून व्हिडिओ कॉलवरच दाखवलं. आई म्हणाली, 'घुबड कशाला गं आणलंस घरात?' मग मी जवळ नेऊन दाखवलं तर चष्मा लावून बघत बसली आणि म्हणाली, 'अगं हा तर पिंगळा आहे.' आणि बरोबर आहे तिचं! नाण्यावरचं ते छोटं घुबड आणि आपल्या चिंचेच्या झाडावरचा पिंगळा एकाच घराण्यातले, शास्त्रीय नावात दोघांचं पहिलं नाव 'अथीने' च आहे, देवीवरूनच. आणि शंभरेक वर्षं दिसलाच नव्हता असा वनपिंगळा 1997 मध्ये परत सापडला तो आपल्या शहाद्याजवळ, सातपुड्याच्या पायथ्याला, तोही त्यातलाच. मी एवढी पुस्तकं वाचून मला जे सुचलं नाही ते आईला एका नजरेत दिसलं.

कुणी घ्यावं? ज्यांना एकच ग्रीक नाणं घ्यायचंय आणि ते आयुष्यभर ठेवायचंय त्यांनी हेच घ्यावं, दुसरा विचार करू नये. बजेट शंभरच्या आत असेल तर मोठ्या नाण्याच्या मागे लागू नका, त्या पैशात खोटंच मिळेल, त्यापेक्षा ग्रीक शहरांची छोटी तांब्याची नाणी बघा, वीस-तीस पौंडापासून मिळतात, त्यातही सुंदर असतात. भारतात बसून घ्यायचं असेल तर कस्टमचं आधी नीट विचारून घ्या. आणि घ्यायचंच नसेल, नुसतं बघायचंय, तर ब्रिटिश म्युझियममध्ये 68 नंबरची खोली नाण्यांची आहे, तिकीट नाही, तिथे जा, किंवा ग्रीसला जाणारं कुणी असेल तर त्यांच्याकडून तिथलं एक युरोचं नाणं मागवा, त्याच्यावर हेच घुबड आहे.

रेटिंग: नाणं साडेचार, अर्धा तुऱ्याचा कापला, घावाचा नाही. विकणारे गृहस्थ पाच. मागच्या महिन्यात परत गेले होते तेव्हा त्यांनी विचारलं, नहपान अजून शोधताय का? मी म्हटलं हो, कागदासकट. ते म्हणाले, तसं वर्षातून एखादं येतं, आलं की ठेवतो तुमच्यासाठी, आणि वहीत माझं नाव लिहून घेतलं.